कळंबोलीहून कोइमतूरला गो-कार्ट (रेसची छोटी गाडी), पार्ट लोडने, म्हणजे दुसऱ्या मालासोबत ट्रकमधली थोडी जागा घेऊन

अख्खा टेम्पो करू नका, पैसे वर आले असतील तर गोष्ट वेगळी. कळंबोलीत तामिळनाडूचे ट्रक परतीचा माल शोधत उभे असतात. घासाघीस तिथेच करायची. भाडं वजनापेक्षा जागेवर लागतं. म्हणून चाकं, बंपर, साइडपॉड (बाजूची कव्हरं) काढून चॅसीवरच (सांगाड्यावरच) बांधा, इंजिन वेगळ्या खोक्यात. टाकी, नळी, कार्ब्युरेटर, सगळं कोरडं. पेट्रोलचा वास आला की बुकिंगवाला हात वर करतो. पुढच्या स्टब ॲक्सलना (पुढची चाकं बसतात त्या दांड्यांना) सायकलची जुनी ट्यूब गच्च गुंडाळा. हमाल नेमके तिथेच धरून उचलतात, त्यांना काय सांगणार! बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) ‘वापरलेली, विक्रीसाठी नाही’ लिहून घ्या. डिलिव्हरी गोडाऊनलाच घ्या. तिथून करी स्पीडवे या रेस ट्रॅकपर्यंत लोकल छोटा हत्ती पुरतो.