डिप्लॉयमेंट करताना या चुका टाळा: निम्मं नवं, निम्मं जुनं

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर ब्रोकिंग कंपनीने ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरवर पाणी सोडलं. नव्या कोडमध्ये बग होता, असं सर्रास सांगितलं जातं. पण नवा कोड नीट चालत होता; तो आठपैकी सातच सर्व्हरवर चढवला (डिप्लॉय केला) गेला होता. आठव्यावर २००३ पासून न वापरलेला ‘पॉवर पेग’ हा कोड तसाच पडून होता, आणि नव्या फीचरसाठी त्याचाच जुना फ्लॅग (कोडचा भाग चालू-बंद करणारा स्विच) पुन्हा वापरला होता. बाजार उघडताच आठव्या सर्व्हरने ऑर्डरींचा धडाका लावला. गडबडीत टीमने उरलेल्या सातांवरचा नवा कोड काढला, म्हणजे जुना तिथेही जागा झाला! बाजार उघडण्याआधी ‘पॉवर पेग’चा उल्लेख असलेले ९७ ईमेल सिस्टिमने पाठवले होते. ते अलर्ट म्हणून बनवलेलेच नव्हते, त्यामुळे कोणी दखल घेतली नाही.

डिप्लॉय ‘झालं’ हे स्क्रिप्टच्या हिरव्या टिकवरून ठरवू नका. प्रत्येक सर्व्हरला त्याची आवृत्ती विचारा; एकाचंही उत्तर वेगळं आलं तर पुढे जाऊ नका. कंटेनर इमेजला (ॲपच्या तयार पॅकेजला) नेमक्या आवृत्तीऐवजी ‘लेटेस्ट’ टॅग लावणं म्हणजे हा प्रश्नच विचारता येऊ नये अशी सोय.

रोलिंग अपडेटमध्ये, म्हणजे थोड्या थोड्या प्रती बदलत नेताना, काही मिनिटं का होईना, दोन्ही आवृत्त्या एकाच डेटाबेसवर चालतात. तुम्ही ‘मोबाइल’ कॉलमचं नाव बदलून ‘फोन’ केलंत की जुने पॉड (ॲपच्या चालू प्रती) लगेच एरर फेकू लागतात. रोलबॅक केला, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परतलात, तर इमेज मागे जाते, कॉलम जात नाही. म्हणून आधी नवा कॉलम जोडा, काही काळ दोन्हींत लिहा, जुना डेटा भरून घ्या, वाचन नव्यावर न्या; जुना कॉलम पुढच्या एखाद्या रिलीजमध्ये काढा. कंटाळवाणं आहे, पण रात्री दोनचा फोन टळतो.

कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिसच्या लाइव्हनेस प्रोबमध्ये (पॉड जिवंत आहे का हे बघून नसेल तर रीस्टार्ट करणाऱ्या तपासणीत) डेटाबेस तपासू नका. डेटाबेस जरा मंदावला की धडधाकट पॉडही रीस्टार्ट होतात आणि परत येताना सगळे एकदम कनेक्शन मागतात. ऑटोस्केलिंगचंही (लोड वाढला की आपोआप पॉड वाढवण्याचंही) तेच. पोस्टग्रेस या डेटाबेसची कनेक्शन मर्यादा मुळात १०० असते. प्रत्येकी १० कनेक्शनचा पूल (उघडून ठेवलेला साठा) असलेले २० पॉड उभे राहिले की लोड वाढला म्हणून केलेली सोयच साइट पाडते. कमाल पॉडसंख्या ठरवताना हा गुणाकार करा.

कॉन्फिगरेशनला ‘कोड नाही ना’ म्हणून सूट देऊ नका. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीची एक सदोष कंटेंट फाइल टप्पे न करता ग्राहकांकडे गेली आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण निळ्या स्क्रीनवर अडकलेल्या कित्येक मशीनपाशी माणसाला स्वतः जावं लागलं. कॉन्फिगही आधी स्वतःच्या मशीनवर, मग एक टक्क्यावर सोडा. एरर रेट बघा. मगच पुढचा टप्पा.