बर्ड फ्लूच्या सरकारी आराखड्याचा हिशेब कसा मागावा

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे 2006 च्या सुरुवातीला कोंबड्या मोठ्या संख्येने दगावू लागल्या, तेव्हा प्रथम संशय राणीखेत म्हणजे मानमोडीचा घेतला गेला. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने बर्ड फ्लूच्या एच5एन1 विषाणूचे केलेले निदान 18 फेब्रुवारीला जाहीर झाले आणि कोंबड्यांमधील बर्ड फ्लूची ती देशातील पहिली नोंद ठरली. फेब्रुवारी 2021 मध्ये त्याच नवापुरात हा रोग पुन्हा आला. मधल्या पंधरा वर्षांत प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम 2009 लागू झाला आणि केंद्राचा बर्ड फ्लू कृती आराखडाही एकाहून अधिक वेळा सुधारला गेला. आपल्या जिल्ह्यात त्याने काय फरक पडला, हे कोणताही नागरिक माहितीच्या अधिकारात अर्ज करून सरकारच्याच कागदांवरून तपासू शकतो.

आपल्याकडे जैवसुरक्षेचे, म्हणजे रोगजंतूंपासून माणसे, पशू आणि पिके जपण्याचे, एकच सर्वसमावेशक धोरण हाती घेऊन तपासता येत नाही. ब्रिटनने 2018 मध्ये असे धोरण जाहीर केले आणि तेथील संसदेच्या संयुक्त समितीने डिसेंबर 2020 मध्ये त्यावर कठोर अहवाल दिला. आपले कृषी जैवसुरक्षा विधेयक मात्र 2013 मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि पंधरावी लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले, म्हणजे आपोआप बाद ठरले. त्यामुळे माणसांचे आरोग्य, पशुधन, बियाणे आणि प्रयोगशाळा यांपैकी एकच भाग निवडणे शहाणपणाचे ठरते. सुरुवात बर्ड फ्लूपासून करावी असे माझे मत आहे, कारण त्याचा आराखडा प्रसिद्ध झालेला आहे आणि त्यातील जवळपास प्रत्येक पायरी मागे एखादा कागद सोडते.

अर्ज लिहिण्याआधी केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाचा आराखडा हातात पेन्सिल घेऊन वाचावा. जेथे जेथे ‘अमुक अधिकाऱ्याने अमुक करावे’ असे लिहिले आहे, तेथे समासात त्या कामाचा पुरावा असणाऱ्या कागदाचे नाव लिहावे: नमुने पाठवले तर जावक नोंदवही, पक्षी नष्ट केले तर पंचनामा, शीघ्र कृती दल नेमले तर कार्यालयीन आदेश, संरक्षक पोशाख घेतले तर साठा नोंदवही. आपली प्रश्नपत्रिका याच यादीतून तयार होते. ‘उशीर का झाला’ असा प्रश्न माहिती अधिकारात टिकत नाही, कारण नोंदीत नसलेली कारणे देणे ही ‘माहिती’ नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये स्पष्ट केले आहे. ‘का’ विचारण्याऐवजी ‘कोणत्या तारखेला’ असे विचारावे, म्हणजे पुढचे तारखाच सांगतात.

प्रत्यक्ष उद्रेक झालेल्या ठिकाणासाठी चार तारखा पुरतात: असामान्य मरतुकीची पहिली खबर मिळाल्याची, नमुने रवाना झाल्याची, भोपाळचा निष्कर्ष जिल्ह्याला कळल्याची आणि पक्षी नष्ट करण्याचे काम सुरू झाल्याची. त्या एका ओळीत मांडून मधले दिवस मोजले की ढिलाई नेमकी कुठे झाली ते दिसते. पहिल्या दोन तारखांतील अंतर मोठे असेल तर प्रश्न गाव आणि तालुका पातळीवरचा आहे. तिसरी आणि चौथी यांत असेल तर तो जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत जातो. येथे प्रामाणिक राहायला हवे, कारण 2009 च्या कायद्याच्या कलम 4 नुसार अनुसूचित, म्हणजे कायद्याच्या यादीतील, रोगाचा संशय आल्यास तो कळवणे पशुमालकावरही बंधनकारक आहे, आणि पहिली खबरच उशिरा गेली असेल तर केवळ कार्यालयावर बोट ठेवणे अन्यायाचे होईल.

या दिवसांना पैशातही किंमत आहे. नुकसानभरपाई सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. तिचा भार केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा उचलतात. याचा अर्थ असा की निदान आणि कारवाई जितकी लांबेल, तितका तोटा सरकारी तिजोरीकडून कोंबडीवाल्याच्या खिशाकडे सरकतो. म्हणून तारखांच्या जोडीला गावनिहाय मेलेल्या आणि नष्ट केलेल्या पक्ष्यांची संख्या, मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष अदा केल्याची तारीख मागावी. लाभार्थ्यांची नावे मागू नयेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम 2023 ने माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 8(1)(ञ) मधील वैयक्तिक माहिती मिळण्याची वाट अरुंद केली आहे आणि धोरणाच्या मूल्यमापनाला गावनिहाय बेरीज पुरेशी असते.

मात्र खरा कस शांततेच्या महिन्यांत लागतो, आणि नेमके तेच विचारायला फारसे कोणी जात नाही. गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यातून परसातील कोंबड्या, पक्षी बाजार आणि वन्य पक्षी यांचे किती नमुने महिनानिहाय घेतले, शीघ्र कृती दलाचे शेवटचे प्रशिक्षण कधी झाले आणि साठ्यातील पोशाखांची मुदत कधी संपते, हे विचारावे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 च्या कलम 31 नुसार जिल्हा आराखड्याचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. त्यातील जैविक आपत्तीच्या प्रकरणाची सध्याची आणि पाच वर्षांपूर्वीची प्रत शेजारी ठेवून वाचावी. अशाच एका अर्जावर मला ‘माहिती निरंक’ एवढेच दोन शब्द आले होते. प्रथम राग आला, मग लक्षात आले की प्रशिक्षणाची नोंद निरंक असणे हीच मला हवी असलेली माहिती होती.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लिहावा लागतो, म्हणून उद्रेकाच्या तारखांचा, भरपाईचा आणि पूर्वतयारीचा अर्ज वेगवेगळा करावा. प्रत्येकावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि अर्ज जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्यावा. कार्यालय चुकले तरी माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम 6(3) नुसार तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्तराची मुदत 30 दिवसांची असते. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये.

नकार बहुधा दोन कारणांनी येतो. पहिले कारण सुरक्षेचे, कलम 8(1)(क) चे, आणि ते दर वेळी बहाणाच असते असे नाही: विषाणूचे नमुने कोणत्या खोलीत, कोणाच्या ताब्यात ठेवले जातात हे जाहीर न होणेच योग्य आहे आणि जबाबदारी तपासण्यासाठी ते लागतही नाही. कागदाचा तेवढा भाग झाकून उरलेला द्यावा, अशी मागणी कलम 10 च्या आधारे करावी. दुसरे कारण व्यापारी गुपिताचे, म्हणजे कलम 8(1)(घ) चे. बीटी वांग्याच्या, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या वांग्याच्या, विषारीपणाच्या आणि ॲलर्जीच्या चाचण्यांची माहिती याच कारणाने अडवली गेली होती. केंद्रीय माहिती आयोगाने ती देण्याचा आदेश दिला आणि 2016 मध्ये जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, मोहरीच्या बाबतीतही उघडपणाच्या बाजूने निर्णय दिला. अपिलात या दोन प्रकरणांचा आणि सार्वजनिक हिताच्या कलम 8(2) चा उल्लेख करावा. पहिले अपील 30 दिवसांत, दुसरे राज्य माहिती आयोगाकडे 90 दिवसांत करायचे असते.

उत्तरे हाती आल्यावर दीर्घ निवेदन लिहिण्याचा मोह टाळावा. एका पानावर आराखड्यातील वाक्य, त्याखाली मिळालेली नोंद आणि दोहोंतील दिवसांचे किंवा संख्येचे अंतर एवढेच ठेवावे. हे पान अधिवेशनाच्या पुरेसे आधी स्थानिक आमदारांना द्यावे, म्हणजे त्यातून तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, तयार होऊ शकतो. मंत्र्यांनी सभागृहात काही करण्याचे मान्य केले तर त्याचा पाठपुरावा विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे जातो, म्हणून उत्तराची तारीख टिपून ठेवावी आणि काही महिन्यांनी त्या आश्वासनाच्या नस्तीची (फाइलची) प्रत मागणारा पुढचा अर्ज करावा.