सामान्य ज्ञानाची वही कशी ठेवावी: डावीकडे बातमी, उजवीकडे तिचं मूळ

पोलीस भरती असो, तलाठी असो की वनरक्षक, सामान्य ज्ञानात मार्क जातात ते माहिती कमी पडते म्हणून नाही. मोबाइलमध्ये वनलायनरच्या पीडीएफचा ढीग असतो, आणि प्रश्न जरा फिरवून आला की चारही पर्याय बरोबर वाटायला लागतात. ‘रोज शंभर प्रश्न पाठ करा’ हा सल्ला गावोगावच्या अभ्यासिकांत अजून दिला जातो. तो ऐकू नका.

दोनशे पानी वही, राज्य मंडळाची आठवी ते दहावीची इतिहास आणि नागरिकशास्त्र-राज्यशास्त्राची पुस्तकं, आपल्या परीक्षेच्या मागच्या प्रश्नपत्रिका आणि गावात येणारा एक पेपर, एवढं पुरतं. पुस्तकं पहिल्या महिन्यात दोनदा सलग वाचून काढा. प्रश्नपत्रिका आधी सोडवायच्या नाहीत, नुसत्या चाळायच्या, म्हणजे काय विचारतात ते कळतं.

खरं अवघड काम बातमीची नोंद. बहुतेकांची वही इथंच बिघडते, कारण पेपर वाचता वाचता दिसेल ते उतरवलं जातं. महिनाभरात वही भरते आणि परत उघडावीशी वाटत नाही. त्यामुळे पेपर वाचताना काही लिहायचं नाही, फक्त पेन्सिलची खूण करायची. नोंद रविवारी. सोमवारची खळबळजनक बातमी रविवारपर्यंत विझलेली असते, ती नोंदवायचं काम आपोआप वाचतं.

रविवारी डाव्या पानावर बातमी लिहा आणि समोरच्या उजव्या पानावर तिचं मूळ: राज्यघटनेतला अनुच्छेद, कायदा, किंवा इतिहासातली आधीची घटना. समजा बातमी आहे अमरावतीचे भूषण गवई यांची. ‘५२ वे सरन्यायाधीश – गवई’ एवढंच लिहिलं तर सहा महिन्यांत ती ओळ जुनी होते. डावीकडे लिहा: शपथ १४ मे २०२५, आधी संजीव खन्ना, नंतर सूर्य कांत. उजवीकडे: अनुच्छेद १२४, नेमणूक राष्ट्रपती करतात, सर्वोच्च न्यायालयात निवृत्ती ६५ व्या वर्षी, उच्च न्यायालयात ६२ व्या. गवईंचा जन्म २४ नोव्हेंबर १९६० चा, म्हणजे ६५ वर्षं भरतात २३ नोव्हेंबर २०२५ ला. निवृत्तीची तारीख पाठ करावीच लागत नाही, ती काढता येते. शिवाय ६२ आणि ६५ ची अदलाबदल करून टाकलेला पर्यायही लगेच ओळखू येतो.

उजवं पान रिकामं राहत असेल तर ती बातमी खोडा. खेळ आणि पुरस्कार याला अपवाद. त्यांची साधी यादी वहीच्या शेवटी ठेवा.

इतिहासात तारखा उलटसुलट होतात त्या एकमेकींच्या जवळच्या. विदर्भाचंच घ्या. नागपूर करार (विदर्भाने महाराष्ट्रात यायचं, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात) २८ सप्टेंबर १९५३, आंध्र राज्य १ ऑक्टोबर १९५३, आणि राज्य पुनर्रचना आयोग त्याच वर्षी डिसेंबरात. म्हणजे करार आयोगाच्या आधीचा. आयोगाने १९५५ च्या अहवालात वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, पण १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. तोवर आपण मध्य प्रदेशात होतो आणि राजधानी होती नागपूर. ‘विदर्भ १९६० मध्ये मध्य प्रदेशातून महाराष्ट्रात आला’ हा पर्याय म्हणूनच चुकीचा. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाची बातमी आली की डावीकडे ती आणि उजवीकडे ही साखळी, त्याखाली अनुच्छेद ३७१(२), म्हणजे विकास मंडळांची तरतूद.

नुसतं वर्ष कधीच लिहू नका, त्याच्या आधीचं आणि नंतरचं पाऊलही लिहा. १९४२ चा ‘भारत छोडो’ ठराव काँग्रेस कार्यसमितीने १४ जुलैला वर्ध्यात केला, ८ ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झालं आणि १६ ऑगस्टला चिमूर अन् आष्टी पेटलं. तीन तारखा, चार गावं, एकच ओळ. आष्टी वर्धा जिल्ह्यातली आणि चिमूर चंद्रपूरचं, हेही सोबत लिहा, कारण जोड्या लावताना जिल्हे बदलून देतात.

नवे जिल्हे कधी झाले: गडचिरोली १९८२, वाशिम १९९८, गोंदिया १९९९. हे मात्र सरळ पाठ करा.

सोंगणी-वेचणीच्या दिवसांत पेपर वाचणं जमत नाही. तेव्हा आकाशवाणीच्या बातम्या ऐका आणि रविवारची नोंद तेवढी चुकवू नका. साचलेला गठ्ठा एका बैठकीत संपवायला बसू नका, त्यातलं दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. अशा वेळी फक्त पहिलं पान आणि संपादकीय पान चाळा, बाकी रद्दीत घाला.

उजळणीला उजवं पान झाका, बातमी वाचा आणि मूळ सांगा. मग उलटं करा. अभ्यासिकेत दोघं असाल तर वह्या बदलून विचारा, दुसऱ्याच्या अक्षरातली चूक पटकन दिसते.

राज्यपाल, मंत्री, आयोगांचे अध्यक्ष अशी पदं कायम पेन्सिलने लिहा आणि समोर नोंदीची तारीख टाका. परीक्षेच्या आठवड्यात ही यादी सरकारी संकेतस्थळांशी एकदा ताडून पाहा आणि बदललेली नावं खोडून नवी भरा.