मुलाला कोडिंग-रोबोटिक्सच्या क्लासला घालताय? फी भरण्याआधी आणि नंतर काय काय पाहावं

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की सोसायटीच्या नोटीस बोर्डावर आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोडिंग, रोबोटिक्स, थ्रीडी प्रिंटिंगच्या शिबिरांची पत्रकं येऊ लागतात. आपण फी विचारतो, सर्टिफिकेटचं विचारतो, कोडिंगची भाषा स्क्रॅच शिकवणार की पायथन ते विचारतो. मूल तिथे कुणाच्या देखरेखीखाली असेल, त्याचा नंबर कुणाकुणाच्या फोनमध्ये जाईल, हे विचारायला मात्र जीभ रेटत नाही. सर सज्जन दिसतात, उगाच संशय कशाला, असं वाटतं. तरीही विचारा. नीट चाललेल्या क्लासकडे या प्रश्नांची उत्तरं तयार असतात, आणि प्रामाणिक शिक्षकालाही त्या नियमांचा आधारच असतो.

पायरी 1 : चालू बॅच पाहायला जा

डेमो लेक्चरच्या दिवशी सगळं झाडून-पुसून ठेवलेलं असतं. त्यामुळे एखाद्या नेहमीच्या दिवशी, क्लास भरलेला असताना जा. वर्गाला काचेचं दार आहे का? नसेल तर दार उघडं ठेवतात का? शौचालय कुठे आहे आणि लहान मुलं तिथे कुणाबरोबर जातात? येताना लिफ्ट सोडून जिन्याने उतरा. 24 मे 2019 रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या क्लासमधल्या मुलांना खाली यायला वाट उरली नव्हती. कित्येकांनी खिडक्यांतून उड्या मारल्या. त्या आगीत 22 जण गेले, बहुतेक विद्यार्थीच. जिन्यात खोकी, मोडक्या खुर्च्या, इन्व्हर्टर रचून ठेवलेला दिसला तर मालकाला तिथल्या तिथे दाखवा आणि पुढच्या आठवड्यात परत जाऊन बघा.

पायरी 2 : मालकाला थेट विचारा

पहिला प्रश्न, इथे काम करणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी झाली आहे का? मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या 2020 च्या नियमांनुसार शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादमी आणि मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या इतर संस्थांनी आपल्या सगळ्या कर्मचाऱ्यांची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करून घ्यायची आहे. शिकवणारा असो वा न शिकवणारा, कायम असो वा कंत्राटी. हे शेवटचे शब्द महत्त्वाचे. 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेतली लहान मुलींवरच्या अत्याचाराची घटना बाहेर आली तेव्हा आरोप कंत्राटी सफाई कर्मचाऱ्यावर होता. म्हणून सरांची डिग्री पाहून थांबू नका. चहा आणणारा मुलगा, व्हॅनचा ड्रायव्हर, मदतीला येणारे कॉलेजचे विद्यार्थी, सगळ्यांबद्दल विचारा.

दुसरा प्रश्न, एक मोठा माणूस आणि एक मूल असे दोघंच बंद खोलीत असण्याची वेळ इथे कधी येते का? हा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. शेवटचं मूल घरी जाईपर्यंत दुसरं कोण थांबतं? स्पर्धेच्या तयारीसाठी एकेकाला वेगळं बोलावतात का? मुलांना फुकट प्रोग्रॅमिंग शिकवणारी कोडरडोजो ही चळवळ 2011 साली आयर्लंडमध्ये सुरू झाली. तिथे लहान मुलांसोबत पालकाने थांबायचं असा शिरस्ता आहे. आपल्याकडे पालकाला बसू देणं म्हणजे लुडबुड, असं अनेक क्लासवाल्यांना वाटतं. पण ‘पालकांनी वर येऊ नये’ असा नियम असेल आणि त्याचं पटेल असं कारण देता येत नसेल, तर तो क्लास सोडा. दुसरा मिळेल.

पायरी 3 : मेसेज कुणाच्या फोनवर येणार ते ठरवा

तंत्रज्ञानाचा क्लास गाण्याच्या किंवा चित्रकलेच्या क्लासपेक्षा इथे वेगळा ठरतो. यात शिक्षक आणि मूल स्क्रीनवर भेटणं शिकवण्याचाच भाग असतं, त्यामुळे रात्री दहाला सरांचा मेसेज आला तरी घरात कुणाला खटकत नाही. आणि पर्सनल चॅट म्हणजे कडी लावलेली खोलीच.

त्रास देणारा माणूस सुरुवातीला अगदी गोड बोलतो. ‘प्रोजेक्ट भारी झालाय. ग्रुपवर टाकू नकोस, मला पर्सनलवर पाठव.’ मग ‘बाकीच्यांपेक्षा तुला जास्त कळतं’. मग स्पर्धेला नाव देतो, एखादा सेन्सर भेट देतो, गेमच्या क्रेडिटचे पैसे भरतो. मग ‘हे आपल्या दोघांत’. यातला एकेक मेसेज सुटा वाचला तर काहीच वावगं दिसत नाही. म्हणून मेसेजच्या मजकुरावर पहारा ठेवण्यापेक्षा वाटच बंद करणं सोपं. पहिल्याच दिवशी क्लासला सांगा, निरोप माझ्या नंबरवर किंवा पालक असलेल्या ग्रुपवरच द्यायचा. मुलाचा नंबर फॉर्मवर लिहूच नका. व्हॉट्सअ‍ॅप आणि डिस्कॉर्ड (ग्रुपवर गप्पा मारायचं अ‍ॅप) या दोन्हींची स्वतःची अट निदान 13 वर्षं वयाची आहे. त्याहून लहान मुलांचा डिस्कॉर्ड सर्व्हर, म्हणजे तिथला ग्रुप, चालवणारा क्लास तिथेच नियम मोडतो.

ऑनलाइन बॅच असेल तर लॅपटॉप हॉलमध्ये ठेवा, बेडरूममध्ये नको. ‘एकास एक’ शिकवणी असेल तर घरातलं कुणीतरी ऐकू येईल इतक्या अंतरावर बसावं आणि हे शिक्षकाला माहीत असावं. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. कोड चालत नाही म्हटलं की शिक्षक एनीडेस्कसारखं अ‍ॅप टाकायला सांगतात आणि तिकडून स्क्रीन हाताळतात. काम झाल्यावर ते अ‍ॅप तसंच राहतं, कधीकधी कायमच्या पासवर्डसकट. तास संपला की ते काढून टाका. स्क्रीन दाखवायची तर झूम किंवा मीटवरून दाखवता येते, त्यात ताबा द्यावा लागत नाही.

पायरी 4 : खाती तुम्ही उघडा

क्लासने सगळ्या मुलांना एकच पासवर्ड देऊन खाती उघडून दिली असतील तर पासवर्ड लगेच बदला. ईमेल तुमचा द्या. खात्याच्या नावात मुलाचं नाव, शाळा, जन्मसाल नको. स्क्रॅच त्या मानाने बरं, कारण तिथे खासगी मेसेजची सोयच नाही, प्रतिक्रिया सगळ्यांना दिसतात. शिवाय इंटरनेटशिवाय चालणारं त्याचं अ‍ॅपही मिळतं. गेम बनवायला शिकवताना रोब्लॉक्स (ऑनलाइन गेम बनवायचं आणि खेळायचं अ‍ॅप) वापरत असतील तर चॅटची सेटिंग्ज पालक म्हणून स्वतः पाहा.

फोटोंचंही आधीच बोलून घ्या. रोबोट हातात धरलेलं मूल, अंगात शाळेचा गणवेश, खाली पूर्ण नाव आणि इयत्ता, अशी पोस्ट क्लासच्या जाहिरातीत जाते तेव्हा आपल्याला कौतुक वाटतं. पण तेवढ्यावरून अनोळखी माणूस मुलाला शाळेच्या गेटवर नावाने हाक मारू शकतो. रोबोटचा फोटो टाका, मुलाचा टाकायचा तर माझ्या परवानगीने आणि नावाशिवाय, असं लिहूनच द्या.

पायरी 5 : टेबलावर काय आहे ते बघा

तारा आणि सुटे भाग जोडायच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक साधारण 350 अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. त्याला स्टँड हवा, मुलाच्या डोळ्यांवर चष्मा हवा, खिडकी उघडी हवी. सोल्डरच्या तारेत बहुतेक वेळा शिसं असतं, त्यामुळे हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. ड्रोनच्या लिथियम पॉलिमर बॅटऱ्या फुगलेल्या असतील तर वापरायच्या नाहीत, चार्जिंगला लावून सगळे निघून गेले असं तर कधीच नाही. घरी लहान भावंड असेल तर किटमधल्या बटणासारख्या चपट्या सेलवर डोळा ठेवा. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होते. लक्षणांची वाट न पाहता थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या.

पायरी 6 : मुलाशी आधीच बोला

मुलं गप्प का राहतात? त्यांना तो क्लास मनापासून आवडतो म्हणून. आईला सांगितलं तर लॅपटॉप जाईल, क्लास बंद होईल, राज्यस्तरीय स्पर्धा हुकेल, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, आणि त्रास देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तेव्हा काही घडायच्या आधीच, साध्या जेवणाच्या गप्पांत सांगून ठेवा. ‘सरांनी, ताईंनी, ग्रुपमधल्या कुणीही काही लपवायला सांगितलं, फोटो मागितला, अंगाला हात लावला, तर मला सांग. मी ओरडणार नाही, लॅपटॉपही काढून घेणार नाही.’ हे मुलींइतकंच मुलांनाही सांगा. आणि दिलेला शब्द पाळा.

पायरी 7 : काही कळलंच तर

ऐकून घ्या. ‘तू का गेलास’, ‘आधी का नाही सांगितलंस’ हे नको. पुन्हा पुन्हा तेच वदवून घेऊ नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे तारीख घालून लिहून ठेवा. साधे चॅट डिलीट करू नका, नंबर आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. मुलाचे आक्षेपार्ह फोटो असतील तर ते कुणालाही, नातेवाइकांनाही, फॉरवर्ड करू नका. फोन आहे तसा पोलिसांना दाखवा. क्लासच्या मालकाकडे जाऊन भांडायचा मोह होईल, पण त्याने समोरचा सावध होतो आणि पुरावे पुसले जातात.

1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते, तातडीला 112 आहे. ऑनलाइन प्रकार असेल तर केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. पॉक्सोच्या कलम 19 नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवलंच पाहिजे, नुसती शंका असली तरीही. सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. ‘आपण आपसात मिटवू’ म्हणणाऱ्या क्लासच्या प्रमुखाला गुन्हा दडवल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे त्याला सांगा.

पोलीस म्हटलं की पालक कचरतात, मुलाला ठाण्यात बसावं लागेल या भीतीने. कायदा तसं म्हणत नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी, आई-वडील किंवा विश्वासातलं माणूस जवळ असताना, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. त्याची ओळख माध्यमांत उघड करणं हा गुन्हा आहे. हे सगळं चालू असतानाच त्याच्यासाठी दुसरी बॅच शोधायला लागा, आणि अर्धा राहिलेला रोबोट कुठे पूर्ण करायचा ते त्यालाच विचारा.