लहान उपग्रहाशी आयपीवरून संपर्क कसा साधावा

रत्नागिरीसारख्या ठिकाणी महाविद्यालयाच्या गच्चीवर भूस्थानक उभारणाऱ्यांनी आपल्या लहान उपग्रहासाठी नवा प्रोटोकॉल (माहितीच्या देवाणघेवाणीचे नियम) रचण्याच्या भानगडीत पडू नये; इंटरनेटवर पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, पोहोचवणारा आयपीच वापरावा. २००० साली यूओसॅट-१२ या उपग्रहावर आयपी चालवून दाखवण्यात आले आणि २००३ मध्ये कक्षेत गेलेल्या यूके-डीएमसी या उपग्रहावर तर सिस्को कंपनीचा राऊटरच (पॅकेटांना वाट दाखवणारे यंत्र) बसवलेला होता.

आयपी पॅकेट एचडीएलसी चौकटीत (पॅकेटची सुरुवात आणि शेवट दाखवणाऱ्या प्रमाणित वेष्टनात) भरून पाठवावे. सिरियल पोर्ट असलेल्या साध्या राऊटरला ही चौकट समजते. त्रुटीदुरुस्ती मोडेमवर सोपवावी.

खरी अडचण टीसीपीची, म्हणजे आयपीवरून पोचपावत्या घेत माहिती पाठवणाऱ्या प्रोटोकॉलची, आहे. पॅकेट हरवले की वाट तुंबली असे समजून तो वेग कमी करतो; इथे मात्र ते बहुधा गोंगाटामुळे बिघडलेले असते. त्यातच यूके-डीएमसीचा उतरता (उपग्रहाकडून जमिनीकडचा) दुवा सेकंदाला ८.१ मेगाबिटचा, तर चढता अवघा ९,६०० बिटांचा होता. एवढ्या चिंचोळ्या वाटेने पोचपावत्या तरी किती जाणार? म्हणून मोठ्या फाइली यूडीपीवरून (पोचपावत्या न मागणाऱ्या प्रोटोकॉलवरून) उतरवाव्यात, फक्त गहाळ तुकड्यांची यादी वर पाठवावी आणि अर्धवट राहिलेली फाइल पुढच्या फेरीत (उपग्रह पुन्हा आकाशातून जाताना) तिथूनच पुढे चालू करावी.

पश्चिमेला समुद्र असल्याने उपग्रह क्षितिजालगतही सापडतो, पण पूर्वेकडचे डोंगर फेरीतली काही मिनिटे खातात, आणि फेरीच मुळात दहा-बारा मिनिटांची. खाऱ्या वाऱ्याने अँटेनाचे कनेक्टर गंजतात. ते पावसाळ्याआधी उघडून, पुसून जलरोधक टेपने गुंडाळावेत. उपग्रहाला आयपी पत्ता दिला म्हणून तो खुल्या इंटरनेटवर ठेवू नये. प्रत्येक आदेशाची डिजिटल सही तपासूनच तो स्वीकारावा.