दहशतवादावरच्या कादंबरीचा दुसरा भाग कसा जोखायचा

दुसरा भाग हातात घेण्याआधी पहिल्या भागाची शेवटची तीस-चाळीस पानं पुन्हा वाचा. कोण मेलं, कोण निसटलं, कुणाचं बिंग फुटलं, नायकाला काय सोसावं लागलं, हे वहीत उतरवा. दुसऱ्या भागाचा कस इथेच लागतो. खांद्यात गोळी लागलेला अधिकारी कथेतल्या दोनच महिन्यांनी दोरावरून सरसर चढत असेल, तर लेखक त्याचं दुखणं विसरला. उलट, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) फटाक्यांनी दचकून त्याच्या हातातली नेवरी (करंजी) पडते आणि बायको न बोलता ती उचलते, एवढ्या दोन ओळींत पहिला भाग जिवंत होतो. असं ठिकाण सापडलं की पान क्रमांक टिपून ठेवा. परीक्षणात बलस्थान म्हणून तेच दाखवायचं आहे.

पहिली पन्नास पानं पेन्सिल घेऊन वाचा. ‘तुला आठवतंय ना, गेल्या वर्षी आपण...’ अशा संवादांखाली रेघ मारा. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट एकजण दुसऱ्याला सांगतो, तेव्हा तो खरं तर वाचकाशी बोलत असतो. दोन-तीन रेघा चालतील. दहा झाल्या तर सुरुवात रेंगाळली.

मग काळ आणि जागा. प्रत्येक प्रकरणासमोर तारीख, वेळ, ठिकाण लिहा आणि नकाशाशी ताडून पाहा. गोव्यात घडणाऱ्या कथेत चूक पटकन सापडते. पणजी-मडगाव सुमारे ३५ किलोमीटर. संध्याकाळच्या गर्दीत ते पंधरा मिनिटांत होत नाही. जुलैत मालीम जेटीवरून ट्रॉलर इतर ट्रॉलरांत मिसळून निसटला, असं असेल तर तिथेच थांबा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. सगळे ट्रॉलर जेटीला बांधलेले, त्यात एकटाच बाहेर पडलेला लगेच डोळ्यांत भरेल. जाणता लेखक याच अडचणीतून प्रसंग उभा करतो.

तपासाचा तपशीलही असाच तपासा. एनआयए या राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा २००८ च्या डिसेंबरातला, त्यामुळे २००६ च्या कथेत तिचे अधिकारी नकोत. एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलाचं मुंबईतलं केंद्र २००९ चं. त्याआधीच्या कथेत कमांडो हरियाणातल्या मानेसरहून यायला हवेत. ‘आरोपपत्राविना नव्वद दिवस संपले, आरोपी जामिनावर सुटणार’ हा ताण यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या खटल्यात आपोआप टिकत नाही, कारण आरोपपत्राची मुदत न्यायालय १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. मुदतवाढ का मिळाली नाही हे कथेत यायला हवं.

अशा चुका पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होतात. आकडे फुगवण्याचा दोष तसा निघत नाही. पहिल्या भागात एक बसस्टँड, म्हणून दुसऱ्यात तीन शहरं! मृतांची संख्या वाढली म्हणून भीती वाढत नाही. म्हापशाच्या बाजारात चणे-कुरमुरे विकणारी बाई आधीच्या चार प्रकरणांत भेटलेली असेल, तर तिच्या टोपलीशेजारची बेवारस पिशवी पुरते.

खलनायकाकडे शेवटी वळा. त्याचा निर्णय कुठल्या प्रसंगातून आला ते शोधा. प्रसंग नसेल आणि नुसता धर्म किंवा प्रांत हेच कारण दिलं असेल, तर ते पान क्रमांकासह ठामपणे लिहा. ही उणीव साऱ्या समाजाला संशयित ठरवते, म्हणून शैलीचं कौतुक करून ती झाकू नका.

परीक्षणात पहिल्या एक तृतीयांश भागापलीकडचं कथानक उघड करू नका. फितूर कोण, हे तर मुळीच नको. पहिला भाग न वाचता दुसरा कळतो का, याचं उत्तर मात्र पहिल्याच परिच्छेदात द्या. पुस्तक विकत घेणाऱ्याला तेच आधी हवं असतं.