संस्थेच्या बागेत राबताना आणि तिच्यावर लिहिताना: या चुका टाळा

मुंबईत वृद्धाश्रमाच्या, बालगृहाच्या किंवा एखाद्या शाळेच्या आवारातल्या बागेत रविवारी सकाळी मदतीला आलेली माणसं भरपूर असतात. बुधवारी दुपारी तिथे कोण असतं, हे आधी विचारा. अशा बागेतली बरीचशी रोपं त्या बुधवारीच मरतात. बागकामाच्या मासिकात त्या बागेवर येणारे लेख फसतात तेही त्याच कारणाने, कारण लिहिणाऱ्याने बाग फक्त रविवारी पाहिलेली असते.

५ जूनची घाई

पर्यावरण दिनाला कंपनीचा गट येतो, टोप्या वाटल्या जातात, तासाभरात शंभर रोपं लागतात. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख आहे ११ जून, आणि तीही मागेपुढे होते. मधल्या दिवसांत ऊन तसंच असतं आणि झारी उचलायला कुणी नसतं. खड्डे मे महिन्यातच खणून तापू द्या, पण रोपं सलग दोन-तीन दिवस पाऊस लागल्यावरच लावा. पाहुण्यांना ५ जूनलाच यायचं असेल तर त्यांना खत चाळायला द्या, पिशव्या भरायला द्या, नावांच्या पाट्या रंगवायला द्या. फोटो त्याचेही चांगले येतात.

मोठ्या झाडासाठी खड्डा लांबी, रुंदी, खोली तिन्हीकडून ६० सेंटिमीटर. त्यात निघालेली माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड. इथपर्यंत बहुतेक लोक नीट करतात. चूक पुढे होते. काळी पिशवी न फाडताच रोप खड्ड्यात जातं, किंवा फक्त तिचं बूड फाडलं जातं. असं रोप पावसाळाभर टवटवीत दिसतं, मग जागच्या जागी थिजतं. उपटून पाहिलं की मुळं पिशवीच्या आत वेटोळी घालून बसलेली दिसतात. ब्लेडने पिशवीला उभी चीर द्या, हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, फुटू न देता पिशवी पूर्ण काढा आणि मोजून कचऱ्यात टाका. शंभर रोपं लावली तर शंभर पिशव्या हातात यायला हव्यात. दुसरी गोष्ट, नर्सरीत मातीची रेघ खोडावर जिथे होती तिथेच ती जमिनीला टेकली पाहिजे. खोड चार बोटं गाडलं गेलं तर मुंबईच्या पावसात साल कुजते. काठीला बांधताना नायलॉनची दोरी नको, ती सालीत रुतते. सुतळी घ्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल गाठ मारा.

रविवारचं पाणी

दहा माणसं, दहा झाऱ्या, आणि प्रत्येकाला वाटतं आपल्या वाफ्याला कुणी पाणी घातलं नाही. बोट दोन पेरं मातीत घाला. ओलं लागलं तर झारी खाली ठेवा. आणि आठवड्याचा तक्ता रविवारीच भिंतीवर लावा. संस्थेतल्या माळीकाकांना किंवा स्वयंपाकाच्या मावशींना विचारून लावा, त्यांच्यावर लादू नका. कुंडीखालच्या बशा पावसाळ्यात काढूनच ठेवा. साठल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यू पसरवणारा एडिस अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो.

बाग गच्चीवर असेल तर मातीचं वजन आधी मोजा. ओली लाल माती ३० सेंटिमीटर जाडीने पसरली तर एका चौरस मीटरवर पाचशे किलोच्या आसपास भार येतो. वावर असलेल्या गच्चीसाठी आपल्याकडचं मानक धरतं ते दीडशे किलोच्या घरात. म्हणून सगळी लाल माती नको. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पालापाचोळ्याचं खत आणि थोडी माती असं हलकं मिश्रण करा, आणि तरीही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. कोकोपीटची वीट दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या, नाहीतर त्यातल्या क्षारांनी कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा जळतात.

पिठ्या ढेकूण आणि गोगलगायी

जास्वंदीच्या शेंड्याला कापसासारखं पांढरं, म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड, दिसलं की कुणीतरी लगेच पाण्यात कडुनिंबाचं तेल ओतून फवारतं. तेल वर तरंगतं, पंपातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी नुसतं तेल. शेवटच्या दोन झाडांची पानं करपतात आणि दोष तेलाला लागतो. आधी १ लिटर कोमट पाण्यात १ ते २ मिली भांडी घासायचं लिक्विड मिसळा, मग ५ मिली तेल थेंब थेंब टाकत हलवा, पाणी दुधट झालं पाहिजे. एका फांदीवर मारून दोन दिवस बघा. फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालून, पाऊस नसताना, आणि आठवड्याने पुन्हा. मात्र त्याआधी बरबटलेले शेंडे कापून पिशवीत बांधा आणि खोडावरची मुंग्यांची रांग शोधा. या किडीच्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या तिची राखण करतात. रांग चालू असेल तोवर फवारणीचा उपयोग तात्पुरताच.

पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकन गोगलगायी रात्रीत वाफा साफ करतात. त्यांच्यावर मीठ टाकायचा मोह होतो. गोगलगाय मरते, पण मीठ वाफ्यात राहतं. त्यापेक्षा संध्याकाळी ओलं गोणपाट आणि त्याखाली पपईची पानं ठेवा. पहाटे गोणपाट उलटा, जमलेल्या गोगलगायी साबणाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. हातात मोजे हवेतच. यांच्यातून एक जंत माणसात येऊन मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. मुलं या कामात नकोत, आणि या वाफ्यातली पालेभाजी कच्ची नको.

काय लावायचं हे स्वयंपाकघर ठरवतं. साठ माणसांच्या आमटीला वाफ्यातली मेथीची मूठ काय पुरणार? अळू, माठ, कढीपत्ता, शेवगा, गवती चहा लावा, तोडलं की पुन्हा येतं.

लिहायला बसल्यावर

प्रादेशिक मासिकाचा अंक छपाईच्या बराच आधी बांधला जातो. जूनच्या अंकासाठी जूनमध्ये काढलेला फोटो उपयोगाचा नाही. गेल्या वर्षीची वही आणि गेल्या वर्षीचे फोटो लागतात. म्हणून बागेत तारखेची वही ठेवा: काय पेरलं, कधी उगवलं, काय मेलं. लेख तिथूनच निघतो.

‘जुलैत बी पेरा’ असं सरसकट लिहू नका. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, पुण्यात वर्षभरात तेवढा होत नाही. अंक दोन्हीकडे वाचला जातो. ‘मुंबईत छपराखाली, ट्रेमध्ये’ एवढे शब्द जोडले की वाचकाचं बी वाहून जात नाही.

नावांत तर फार घोळ होतो. ‘चाफा लावला’ म्हणजे कोणता? सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला वृक्ष, हिरवा चाफा आर्टाबोट्रिस नावाची वेलासारखी चढणारी झुडपं, आणि देवळापुढचा पांढरा, चीक येणारा प्लुमेरिया. तिघांची जागा, छाटणी, पाणी वेगळं. तसंच ‘ओवा’. भजीचा जाड, मखमली पानाचा ओवा फांदी खोचून येतो आणि मसाल्याच्या डब्यातल्या ओव्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘ओवा पेरा’ असं छापून आलं की वाचक डब्यातला ओवा कुंडीत टाकतो.

प्रमाणात चूक झाली तर वाचक पैसे घालवून बसतो. जीवामृत या शेण-गोमूत्राच्या द्रवखताची कृती बहुधा एकराची छापली जाते: २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. दहा कुंड्यांच्या वाचकासाठी भागाकार तुम्हीच करा: १० लिटर पाण्याला अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, चिमूटभर माती. भांडं सावलीत, तोंडाला गोणपाट, दिवसातून दोनदा ढवळणं. घट्ट झाकण लावू नका हेही लिहा, कारण वायू धरून कॅन फुगतो.

बालगृहाची बाग असेल तर मुलांच्या चेहऱ्यांचे फोटो, नावं, शाळा काहीच छापू नका. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख माध्यमात उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘संस्थेने परवानगी दिली’ म्हणून हे टळत नाही. मातीने भरलेल्या हातांचा फोटो घ्या, पाठमोरा घ्या, आणि मागच्या भिंतीवर संस्थेची पाटी दिसत नाही ना, ते फोटो मोठा करून पाहा.